वाऱ्याला वाट देणारी तबकडी

जालना जिल्ह्यातील एखाद्या हायस्कूलच्या मैदानावर आपल्याला रेडिओ दुर्बीण उभारायची आहे, असे समजू. तबकडीचा व्यास २ मीटर ठेवू. आकाशगंगेत पसरलेल्या हायड्रोजन वायूपासून २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओलहरी येत असतात. त्या आपल्याला टिपायच्या आहेत.

एवढ्याशा तबकडीने काय होणार, असे मनात आणू नका. १९६५ साली कल्याण येथे गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूर्याच्या निरीक्षणासाठी रेडिओ दुर्बीण उभारली. तिच्यात ३२ तबकड्या होत्या आणि प्रत्येकीचा व्यास होता फक्त १.८ मीटर! त्याच स्वरूपांच्या कल्पनेतून पुढे पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड दुर्बीण उभी राहिली. तिला ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ म्हणतात. आपली तबकडी आखताना आपण खोडदच्या तबकडीकडूनच धडे घेऊ.

तबकडी किती गुळगुळीत हवी?

तबकडी म्हणजे रेडिओलहरींचा आरसा. दुरून समांतर येणाऱ्या लहरी परावर्तित करून नाभीपाशी एकत्र आणणे हे तिचे काम. आरशाचा पृष्ठभाग गुळगुळीत असावा लागतो, पण किती? याचे उत्तर तरंगलांबी देते. पृष्ठभागावरील उंचसखलपणा तरंगलांबीच्या विसाव्या भागाहून कमी असला, तर लहरींच्या दृष्टीने तो गुळगुळीतच. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकी असते. म्हणून प्रकाशाच्या दुर्बिणीचा आरसा अतिशय काळजीपूर्वक घासावा लागतो. आपल्या लहरी त्याहून सुमारे चार लाख पट लांब आहेत. २१ सेंटिमीटरचा विसावा भाग म्हणजे जवळजवळ १ सेंटिमीटर. एवढी अचूकता गावातला वेल्डरसुद्धा सांभाळील.

भोकांनाही हाच न्याय लागू पडतो. जाळीची भोके तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान असली, तर लहरी त्यांतून पलीकडे जात नाहीत. जणू सलग पत्राच आहे अशा परत फिरतात. म्हणजे आपल्याला १ सेंटिमीटर भोकांची तारेची जाळी पुरेल. पण पत्रा सहज मिळत असताना जाळीच्या भानगडीत पडायचे कशाला? याचे कारण वारा.

वाऱ्याचा हिशेब

वळवाच्या पावसाआधी मैदानावरून कसा वारा सुटतो, ते तुम्ही पाहिलेच असेल. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब काढू. हा वेग म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते. घनतेचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे ०.६ × २८ × २८, हा दाब सुमारे ४७० न्यूटन प्रतिचौरस मीटर येतो. दर चौरस मीटरवर ४८ किलोग्रॅम वजन टेकवल्यासारखेच हे झाले. आपल्या तबकडीचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर आहे. ती पत्र्याची असेल आणि वाऱ्याला सामोरी असेल, तर तिच्यावर सुमारे १५० किलोग्रॅमचा जोर येईल. प्रत्यक्षात आकारानुसार तो आणखी वाढतो.

आता ४५ मीटर व्यासाची पत्र्याची तबकडी घ्या. क्षेत्रफळ सुमारे १,५९० चौरस मीटर, म्हणून जोर सुमारे ७५ टन! तो सोसायला जाड पोलादी सांगाडा लागणार. सांगाडा जड झाला की त्याला फिरवणाऱ्या मोटारी मोठ्या, खालचा मनोरा मोठा, पाया मोठा आणि खर्चही मोठा. अशा ३० तबकड्या मग कोणाला परवडणार? खोडदच्या योजनेचे भवितव्य या एका प्रश्नावर अवलंबून होते.

खोडदची युक्ती

खोडदच्या प्रत्येक तबकडीत नळ्यांच्या १६ वक्र चौकटी मध्यापासून कडेकडे जातात, छत्रीच्या काड्या जातात तशा. या चौकटींच्या दरम्यान स्टेनलेस स्टीलचे दोर ताणून बसवले आहेत आणि दोरांवर जाळी ओढून बांधली आहे. बाजेची चौकट आणि तिच्यावर ताणून विणलेला सुंभ आठवा, म्हणजे कल्पना येईल. ताणामुळे बारीक दोरही ताठ राहतो आणि जड लोखंडी तुळयांचे काम करतो.

जाळीची तार अवघी ०.५५ मिलिमीटर जाड आहे. मध्यभागी भोके १० मिलिमीटरची, त्यापुढे १५ आणि कडेला २० मिलिमीटरची. कडेवर पडणारा वाऱ्याचा जोर मध्यापासून सर्वांत दूर असतो. लांब दांड्याने पहार उचकटावी तसा तो तबकडीला पिळतो. म्हणून कडेची जाळी अधिक विरळ ठेवली आहे. जाळीचा सुमारे ९० टक्के भाग मोकळाच असल्याने बहुतेक वारा आरपार निघून जातो. पावसाचे पाणीही साचत नाही. शिवाय आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे बर्फाचा भार सोसण्याची तरतूद करावी लागली नाही. थंड देशांतील तबकड्यांना ही सवलत नाही. वादळी वारा सुटला की तबकडीचे तोंड सरळ वर करून ठेवतात. त्या स्थितीत ती ताशी १३३ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यातही टिकावी, असा तिचा आराखडा आहे.

या युक्तीला मर्यादाही आहे. काही मिलिमीटर लांबीच्या लहरी या जाळीतून निसटतील. त्यांच्यासाठी सलग आणि अचूक पृष्ठभागच हवा. पण खोडदच्या शास्त्रज्ञांना मुख्यतः मीटरभर लांबीच्या लहरींचा अभ्यास करायचा होता. अतिदूरच्या हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर विश्वाच्या प्रसरणामुळे ताणली जाऊन तेवढी लांब होते. काय पाहायचे हे आधी नक्की केले, म्हणून काय सोडता येईल तेही ठरवता आले. २००१ साली ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली.

आपला आराखडा

आता आपल्या तबकडीकडे वळू. तिचा आकार अन्वस्त हवा. नाभीय अंतर ८० सेंटिमीटर घेऊ. मग नाभीय अंतर आणि व्यास यांचे प्रमाण ०.४ होते, खोडदला ते ०.४१ आहे. मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग करून त्याला नाभीय अंतराच्या चौपटीने भागले, की त्या जागी पृष्ठभाग मध्यापेक्षा किती उंच हवा ते कळते:

मध्यापासून २५ सें.मी. – उंची २.० सें.मी.
५० सें.मी. – ७.८ सें.मी.
७५ सें.मी. – १७.६ सें.मी.
१०० सें.मी. – ३१.३ सें.मी.

हा वक्र वर्गाच्या फरशीवर खडूने पूर्ण मापात काढा. त्यावर ठेवून सळया वाकवा. जालन्यात सळयांचे कारखाने आहेत, तेव्हा सळयांसाठी फार हिंडावे लागणार नाही. अशा १२ सळया मध्यापासून कडेकडे लावा, त्यांना गोल कड्यांनी जोडा आणि वर जाळी तारेने ताणून बांधा. नाभीपाशी सुमारे १६ सेंटिमीटर व्यासाचा, एका बाजूने उघडा पत्र्याचा डबा बसवा. त्याच्या आतील ५ सेंटिमीटर लांबीची तांब्याची तार लहरी टिपील. पुढे प्रवर्धक, संगणकाला जोडायचा छोटा रेडिओग्राहक आणि संगणक.

मोटार मात्र नको. तबकडी उत्तर–दक्षिण रेषेत फक्त वर-खाली झुकेल अशी बसवा. पृथ्वी फिरते, तेव्हा आकाश आपोआप तिच्यासमोरून सरकत जाईल. जालन्याहून आकाशगंगेचा मध्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४१ अंश उंचीवरून जातो. आपल्या तबकडीला एका वेळी आकाशाचा सुमारे ७ अंश रुंदीचा भाग दिसेल.

राहिला पाया. तबकडी जमिनीपासून २ मीटर उंच असेल, तर १५० किलोग्रॅमचा जोर तिला उलथवू पाहील. १ मीटर बाजूच्या चौरस पायाचे वजन त्याला अर्ध्या मीटरवरून अडवते. म्हणजे वजन किमान ६०० किलोग्रॅम हवे. सुरक्षिततेसाठी ते दुप्पट करा. काँक्रीट घनमीटरला सुमारे २,४०० किलोग्रॅम भरते, म्हणजे अर्धा घनमीटर काँक्रीट लागेल. जाळीवरचा जोर पत्र्यापेक्षा पुष्कळ कमी असला, तरी पाया कमी करू नका. आणखी एक गोष्ट: काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब कलतो. म्हणून पाया खाली मुरमापर्यंत न्यावा. शिक्षकांनी बांधकामापूर्वी हा हिशेब एखाद्या अभियंत्याकडून तपासून घ्यावा आणि वारा सुटला की तबकडी वर तोंड करून अडकवण्याचा नियम आधीच घालून द्यावा.

शेवटी तुमच्यासाठी एक उदाहरण. वाऱ्याचा वेग ताशी १०० ऐवजी २०० किलोमीटर झाला, तर पत्र्याच्या तबकडीवरील जोर किती होईल? १५० च्या दुप्पट, असे घाईने लिहू नका. सूत्रात वेगाचा वर्ग आहे, हे विसरलात तर तुमची तबकडी पहिल्याच वादळात शेजारच्या शेतात सापडेल!