कलमाची जात ओळखावी कशी?

वैशाखांत पालीच्या बाजारांत आंब्यांचे ढीग लागले म्हणजे हापूस कोणता व पायरी कोणता हें लहान मुलासही सांगतां येतें. परंतु मृगाच्या तोंडीं हातभर उंचीचें कलम पिशवींतून विकावयास येतें, तेव्हां त्याची जात छातीठोकपणें कोण सांगेल? फळासाठीं पुढें चारपांच वर्षें वाट पाहावयाची. आणि कलम भलत्याच जातीचें निघालें तर तीं वर्षें कांहीं परत मिळत नाहींत. म्हणून जातिभेद दाखविणारीं लक्षणें कोणतीं निवडावीं, हा प्रश्न वाडीवाल्यांस तरी केवळ पुस्तकी वाटूं नये.

जें लक्षण प्रथम डोळ्यांत भरतें तें बहुधा फसवें असतें. फळाचें वजनच पाहा ना! झाड लगडलें कीं फळ लहान, थोडीं धरलीं कीं मोठें. झाडाची वाढ जमिनीवर अवलंबून, तर सालीवरची लाली उन्हावर. फळाचा घाट मात्र सहसा पालटत नाहीं. पायरीच्या टोंकाशीं स्पष्ट चोंच असते. हापुसास ती जवळजवळ नसतेच, पण त्याचा एक खांदा दुसऱ्याहून उंच असतो. तोतापुरीस तर नांवच चोंचीनें दिलें. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यांतील बर्न्स व प्रयाग यांनीं १९२० च्या सुमारास आंब्याच्या जाती लाविल्या, त्याही फळाच्या आकारावरून.

कलमास फळ नसतें, पान असतें. पालवी कोठें हिरवट, कोठें तांबूस फुटते. परंतु हा रंग थोड्या दिवसांत उतरतो, म्हणून सारख्या वयाचीच पालवी ताडून पाहावी. पानाच्या नुसत्या लांबीपेक्षां लांबी-रुंदीचें प्रमाण अधिक विश्वासाचें. कडा सपाट कीं लहरी, टोंक कसें, चुरगळल्यास वास कितपत उग्र, हेंही पाहावें. आणि तें अनेक पानांवर. येथें शितावरून भाताची परीक्षा चालत नाहीं.

कांहीं भेद फळ कापल्यावांचून कळत नाहींत. कोंकण कृषि विद्यापीठानें नीलम व हापूस यांच्या संकरांतून काढलेला रत्ना १९८१ सालीं प्रसृत झाला. हापुसाच्या गरांत होणारा साका त्यांत होत नाहीं. रत्ना व हापूस यांच्यापासून झालेल्या सिंधूची (१९९२) ओळख म्हणजे अगदीं पातळ बाठा.

जातींच्या संरक्षणाच्या २००१ च्या कायद्यान्वयें नवी जात नोंदावयाची तर ती इतरांहून भिन्न, आपसांत एकसारखी व पिढ्यानुपिढ्या स्थिर असावी लागते. आमचा रायवळ या कसोटीस उतरत नाहीं, कारण बाठ्यापासून उगवलेलें प्रत्येक झाड निराळें. पण त्यांतलें एखादें गोड, बिनरेषांचें झाड निवडून त्याचींच कलमें बांधलीं, तर तीं सारीं त्या झाडासारखींच होतात. असें झाड ज्यांच्या परसांत आहे त्यांनीं त्याचें पान, मोहोर, फळ व बाठा यांचें टिपण निदान दोन हंगाम ठेवावें, आणि तें झाड तोडण्यापूर्वीं त्याच्या दोनचार काड्या कलमासाठीं काढून घ्याव्या.