उसाच्या ट्रेलरला ब्रेक कोण बसवणार?

दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा होतो, आणि थोड्याच दिवसांत भवानीनगरच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दिसू लागतात. आषाढात ज्या काटेवाडी, सणसर, बेलवाडीवरून तुकोबांची पालखी जाते, त्याच वाटेने हिवाळ्यात श्री छत्रपती साखर कारखान्याकडे रात्रभर डबल ट्रेलर धावतात. सीटवर बसलेला चालक पुष्कळदा आपल्याच वस्तीतला असतो. ट्रॅक्टर मालकाचा, कर्ज मालकाचे, जीव मात्र चालकाचा. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जायचे त्याच्या मनात असते, पण खेप चुकवता येत नाही.

या बांधवांशी आणि त्यांच्या घरच्या भगिनींशी आज ब्रेकविषयी बोलायचे आहे.

ट्रॅक्टरचा ब्रेक सर्वसाधारणपणे मागच्या दोन मोठ्या चाकांनाच असतो. ट्रॅक्टर दोन-अडीच टनांचा, आणि मागे उसाने भरलेले दोन ट्रेलर त्याच्या कितीतरी पट वजनाचे. अनेक ट्रेलरना स्वतःचा ब्रेकच नसतो. उतारावर चालक ब्रेक दाबतो तेव्हा ट्रॅक्टर थांबू पाहतो, पण मागचे वजन त्याला पुढे ढकलते. ढकल सरळ रेषेत असली तर एक वेळ निभावते. वळणावर असली तर दांडी तिरपी होते आणि ट्रॅक्टर आडवा फिरतो. लोक म्हणतात, “चालकाचा ताबा सुटला.” ताबा ठेवायला त्याच्या हाती साधन काय दिले होते, हे कोणी विचारत नाही!

उपाय बाजारात मिळतो. ट्रॅक्टरला एअर ब्रेकचा संच बाहेरून बसवता येतो. इंजिनवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर, हवेची टाकी, पायाखालचा व्हॉल्व्ह, तिथून ट्रेलरपर्यंत नळी, आणि ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर ब्रेक दाबणारे चेंबर, असा हा सरंजाम. अमेरिकेत गाडीमागच्या अनेक ट्रेलरना विजेचे ब्रेक असतात. तिथे चालकाजवळ एक छोटा कंट्रोलर असतो आणि मागच्या चाकांतल्या लोहचुंबकाला किती वीज द्यायची ते तो ठरवतो. कंपनीने बसवलेला पटला नाही तर लोक तो काढून बाजारातला दुसरा बसवतात. पद्धत वेगळी, पण प्रश्न आपल्यासारखाच: मागचा ब्रेक किती आणि केव्हा लागावा?

हा प्रश्न फिटरवर सोडून चालत नाही. ट्रेलरचा ब्रेक ट्रॅक्टरच्या किंचित आधी लागला पाहिजे, म्हणजे मागचे वजन ढकलण्याऐवजी ओढून धरते आणि गाडी सरळ राहते. तो फार जोरात लागला तर चाके जाम होऊन घसरतात. भरलेल्या ट्रेलरला बरोबर बसणारी दाब-मात्रा रिकाम्या ट्रेलरला जास्त होते. म्हणून संच बसवल्यावर मोकळ्या जागी, आधी रिकामा आणि मग थोडा भरलेला ट्रेलर लावून, हळू वेगात तपासावे. टाकीतले पाणी रोज सोडावे. आणखी एक गोष्ट: एकाच नळीच्या साध्या संचात नळी तुटली की मागचा ब्रेक जातो. मोठ्या ट्रकच्या दोन नळ्यांच्या पद्धतीत नळी तुटली तर मागचे ब्रेक आपोआप लागतात. पैसे थोडे जास्त लागले तरी दुसरी पद्धत मागावी.

संच येईपर्यंतही काही गोष्टी आपल्या हाती आहेत. ट्रॅक्टरच्या ब्रेकचे डावे-उजवे पेडल रस्त्यावर पट्टीने जोडलेलेच हवे. एकच पेडल दाबले गेले तर गाडी फिरते. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणे म्हणजे इंजिनची ओढ घालवणे. पिनबरोबर साखळी हवी, मागे रिफ्लेक्टर हवेत. आणि पंचशीलातले पाचवे शील विहारात जेवढे पाळायचे तेवढेच सीटवर बसल्यावरही पाळायचे.

खर्च कोणी करायचा? मालकानेच. पण मालक आपणहून करील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. हंगामाची उचल घेण्यापूर्वीच चालकाने विचारावे, “ट्रेलरला ब्रेक आहे का?” एकट्याला बोलणे जड जाते, म्हणून चार चालकांनी मिळून बोलावे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगाराने सुरक्षितता मागणे म्हणजे उर्मटपणा, असे मानणाऱ्यांना ही आठवण द्यायला हरकत नाही.

भगिनींनी एक काम करावे. कामावर अपघात झाल्यास भरपाईचा हक्क या देशात १९२३ च्या कायद्याने मिळाला. आता ती तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. पण चालक कोणाकडे कामाला होता हे दाखवता आले पाहिजे. म्हणून मालकाचे नाव, ट्रॅक्टरचा नंबर, उचल घेतल्याची तारीख आणि रक्कम एका वहीत लिहून ठेवावी, लायसनची झेरॉक्स त्यातच घालावी, आणि ही वही ट्रॅक्टरच्या पेटीत न ठेवता घरी ठेवावी.