सरंजामाचे सार्वभौमत्व कसे झाले?

आंतरराष्ट्रीय कायद्यापुढे सारी राष्ट्रे समान, असे पाठ्यपुस्तके सांगतात. ‘ट्वेल’ या नावाने 1990च्या दशकात पुढे आलेल्या अभ्यासप्रवाहाला हे मान्य नाही. बी. एस. चिमनी आणि अँटनी अँघी ही त्यातली ठळक नावे. अँघींचे म्हणणे असे की, सार्वभौमत्वाची कल्पना युरोपात तयार होऊन मग वसाहतींत गेली नाही. वसाहती बळकावताना, त्या व्यवहाराचे समर्थन करतानाच ती घडली. सोळाव्या शतकात स्पेनच्या व्हिटोरियाने अमेरिकेतील मूलनिवासींना विवेक असल्याचे उदारपणे मान्य केले. मग त्यांच्या मुलखात प्रवासाचा व व्यापाराचा हक्क स्पॅनिशांना आहे आणि तो अडवला तर युद्ध न्याय्य ठरते, असेही त्याने मांडले.

असाच ये-जा करण्याचा हक्क मागत पोर्तुगाल डिसेंबर 1955 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. 1954च्या उन्हाळ्यानंतर दादरा व नगर हवेली स्वातंत्र्यसैनिकांनी मुक्त केली होती आणि दमणहून तिकडे जाणारी वाट भारताने बंद केली होती. पोर्तुगालचा मुख्य आधार होता मराठ्यांशी झालेला 1779चा पुण्याचा तह.

12 एप्रिल 1960च्या निकालात न्यायालयाने हा तह वैध धरला. मात्र त्याने पोर्तुगिजांना गावांचा महसूल मिळाला, म्हणजे जहागीर किंवा सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे. पेशवाईचे कागद ज्याने चाळले आहेत त्याला यात नवल वाटणार नाही. पुढची पायरी मात्र विलक्षण आहे. मराठ्यांच्या जागी आलेल्या ब्रिटिशांनी त्या गावांवरील पोर्तुगीज सत्तेला कधी हरकत घेतली नाही, स्वतंत्र भारतानेही सुरुवातीला घेतली नाही. म्हणून ते सार्वभौमत्व मानले गेले. मराठ्यांनी न दिलेली गोष्ट दोन वसाहतवाद्यांच्या परस्परसमजुतीतून उभी राहिली. तिथल्या वारली, कोकणा, धोडिया लोकांना काय हवे, हा प्रश्न न्यायालयाच्या विचारातच नव्हता.

प्रत्यक्ष फळ पोर्तुगालच्या हाती लागले नाही. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट मिळण्याचा हक्क मान्य झाला, सैन्याला व शस्त्रांना नाही. आणि 1954च्या तणावात वाट रोखून भारताने कर्तव्यभंग केला नाही, असेही न्यायालयाने ठरवले. म्हणूनच भारताचा विजय म्हणून हा निकाल सांगितला जातो. समीक्षकांची नजर निकालापेक्षा त्यामागच्या युक्तिवादावर असते.

डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरल्यावर हा प्रश्न सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा भारताने त्या युक्तिवादाच्या मुळालाच हात घातला: गोव्यावरचा 1510चा पोर्तुगीज कब्जाच बेकायदा, तेव्हा आक्रमण कसले? शस्त्रसंधी व सैन्यमाघारीचा पाश्चात्त्य ठराव सात मते मिळूनही सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांनीही विरोधात मत दिले होते.