‘गुड ओल्ड डेज’ : अर्थ आणि वापर

माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात हमखास कानी पडणारा इंग्रजी शब्दप्रयोग म्हणजे ‘द गुड ओल्ड डेज’. शब्दशः अर्थ ‘चांगले जुने दिवस’. परंतु त्यातील ‘ओल्ड’ केवळ कालवाचक नाही. ‘ओल्ड फ्रेंड’ म्हणजे बहुधा वयोवृद्ध नव्हे, तर बऱ्याच वर्षांचा जिव्हाळ्याचा मित्र. तोच जिव्हाळा येथेही आहे. ‘इन द गुड ओल्ड डेज’ म्हणजे ‘त्या सुखाच्या काळी’. मराठीतील ‘गेले ते दिवस, राहिल्या त्या आठवणी’ या उद्गारात हीच हुरहूर आहे. ‘डेज ऑफ योर’ हा प्रयोग काव्यात्म असून तो फार दूरच्या काळासाठी योजतात. ‘बॅक इन द डे’ हा बोलीतला आहे.

या शब्दांना उपरोधाची बाजूही आहे. भूतकाळाचे अवास्तव गुणगान करणाऱ्यास याच शब्दांनी टोला लगावला जातो. ऑटो बेटमन यांच्या १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच ते चांगले जुने दिवस भयंकर होते, असे म्हटले आहे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन शहरांतील गलिच्छ वस्त्या व बालमजुरी यांचे चित्र त्यात आहे.

म्हणूनच हा प्रयोग करताना ‘कोणाचे दिवस?’ हे विचारले पाहिजे. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपायाने नळ उघडला तरच पाणी मिळे, शिपाई नसला तर तहानलेले राहावे लागे. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेणाऱ्या लाखो लोकांपैकी किती जण मागील काळाला ‘गुड’ म्हणू शकले असते?

वसतिगृहात शिकलेल्यांची गोष्ट निराळी. पहाटेची घंटा, एका पंगतीतले जेवण, एकाच माठातले पाणी, कंदिलाच्या उजेडातील अभ्यास यांना त्यांनी ‘गुड ओल्ड डेज’ म्हणणे सर्वस्वी योग्य आहे. मात्र ती पंगत आणि तो माठ आपोआप मिळालेले नाहीत. तेव्हा पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी मुलांना आपले चांगले दिवस अवश्य सांगावेत. त्यासोबत आजी-आजोबांचे त्याआधीचे दिवसही सांगावेत. तरच मुलांना या शब्दांचा पूर्ण अर्थ कळेल.