सहा सेंटिमीटरचा सम्राट

दुकानातल्या काचेआड तो दिसला की पाय तिथून हलत नाहीत. गडद निळं अंग, त्यावर पांढऱ्या रेघांची एकात एक वर्तुळं, लांबी जेमतेम सहा सेंटिमीटर. हे एम्परर एंजलफिशचं पिल्लू. घरी तीन फुटी टाकी आहे म्हटलं तर विकणारा सांगतो, ‘टाकी जेवढी, तेवढाच मासा वाढतो.’ माझ्या मते या छंदात सर्वांत जास्त नुकसान याच वाक्यानं केलं आहे.

काचेचं माप घेऊन वाढ थांबवणारा मासा नसतो. लहान टाकीत पाणी लवकर बिघडतं, पोहायला जागा उरत नाही, मासा सतत ताणाखाली राहतो आणि वाढ खुंटते. तो मावला असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात तो आजारी असतो. डोक्यावर आणि अंगाच्या बाजूच्या रेषेवर खड्डे पडू लागणं ही त्याचीच एक खूण. निकृष्ट आहारानंही ते पडतात. नीट सांभाळलेला एंजल पंधरा-वीस वर्षं जगू शकतो. समुद्रात एम्परर 40 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, अटलांटिकमधला क्वीन एंजल 45 आणि ग्रे एंजल तर 60 पर्यंत. गोड्या पाण्यातल्या एंजलशी यांचं नात्यानंही काही देणंघेणं नाही. तो अॅमेझॉनकडचा, वेगळ्याच कुळातला.

पिल्लाच्या रंगावर भुलून निवड करणं हीसुद्धा फसगतच. एम्परर, कोरान आणि ब्लू रिंग, तिघांचीही पिल्लं निळी-पांढरी. एम्पररची वर्तुळं पूर्ण, कोरानच्या रेघा अर्धगोल, ब्लू रिंगच्या जवळजवळ उभ्या. वाढताना सगळं पालटतं: एम्पररच्या अंगावर पिवळे-निळे आडवे पट्टे येतात. हा बदल इतका मोठा की जुन्या अभ्यासकांनी पिल्लाला वेगळी जात समजून वेगळं नाव दिलं होतं. ब्लू रिंग आपल्या भारतीय किनाऱ्यावरचाच, आणि तोही 45 सेंटिमीटरचा होतो.

‘किती लिटर?’ हा प्रश्नही अपुरा आहे. उंच, अरुंद टाकीत लिटर भरपूर असतात, पण दीड फूट रुंदीत 35 सेंटिमीटरच्या माशाला धड वळता येत नाही. म्हणून आधी लांबी आणि रुंदी पाहावी. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सुमारे 255 लिटर पाणी मावतं. तिथे फ्लेम किंवा कोरल ब्यूटी घ्यावा. हे बुटके एंजल दहा सेंटिमीटरच्या आसपास राहतात आणि तेज कुठे कमी नसतं. सहा फूट लांब, दोन फूट रुंद-उंच टाकीत (साधारण 680 लिटर) मॅजेस्टिकसारखा 28 सेंटिमीटरच्या आसपास थांबणारा एखादा मोठा एंजल, आणि तोही एकटाच, कारण हद्दीवरून हे मासे जिवावर उठतात. एम्पररला मी आठ फुटांहून कमी सुचवणार नाही. टाकीत प्रवाळ असेल तर आणखी विचार करा; मोठे एंजल ते टोचून खातात.

फ्लॅटमधल्यांनी आणखी एक हिशेब करावा. त्या सहा फुटी टाकीत नुसतं पाणीच 700 किलोच्या घरात जातं आणि ते सव्वा चौरस मीटरहूनही कमी जागेवर टेकतं. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला सुमारे 200 किलो. टाकी ठेवण्याआधी इमारतीच्या इंजिनिअरला विचारायलाच हवं.

‘पुढे मोठी टाकी घेऊ’ या भरवशावर पिल्लू आणणाऱ्यांनी ते बाहेर काढण्याचाही विचार करावा. एंजलच्या गालावर, कल्ल्याच्या झाकणाजवळ एक मजबूत काटा असतो. जाळी लावली की तो त्यात अडकतो; सोडवताना मासाही जखमी होतो, हातही. म्हणून त्याला पाण्यातच प्लॅस्टिकच्या डब्यात घ्यावं आणि पाण्यासकट उचलावं. पण त्यासाठी दगडांची सगळी रचना आधी मोडावी लागते, कारण संकट दिसलं की तो सर्वांत खोल कपारीत शिरून बसतो.