सेंड दाबलं... आता काय? चुकून गेलेल्या मेलची गोष्ट

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप.

सुरुवात माझ्याच फजितीपासून. पहिली नोकरी शोधत होतो. एका रात्रीत सात-आठ अर्ज पाठवायचे होते. मजकूर तोच, फक्त कंपनीचं नाव बदलायचं. एका मेलमध्ये नेमकं तेच राहिलं. सेंड दाबलं आणि लगेच लक्षात आलं. स्क्रीनच्या खाली 'अनडू' लिहिलेली पट्टी होती, पण ती कशासाठी असते हेच माहीत नव्हतं. बघता बघता पट्टी गेली, मेलही गेला. त्या कंपनीचं उत्तर काही आलं नाही.

तर ही पट्टी काय करते? आपल्याला वाटतं, ती गेलेला मेल परत बोलावते. तसं नाहीये. मेल तोवर गेलेलाच नसतो! तुम्ही सेंड दाबलं की जीमेल तो काही सेकंद स्वतःकडे थांबवून ठेवतं. तेवढ्यात 'अनडू' दाबलं तर मेल पुन्हा लिहायच्या अवस्थेत उघडतो. एकदा का तो समोरच्याच्या सर्व्हरवर पोचला, की त्याची प्रत तिथली झाली. पोस्टाच्या पेटीत पत्र टाकल्यासारखं. व्हॉट्सअॅपवर 'डिलीट फॉर एव्हरीवन' चालतं, कारण दोन्हीकडे अॅप एकाच कंपनीचं. ईमेलचं तसं नाही.

जीमेलमध्ये हे थांबणं मुळात फक्त 5 सेकंदांचं असतं, पण ते 30 पर्यंत वाढवता येतं. त्यासाठी कॉम्प्युटर लागेल. मित्राचा लॅपटॉप, कॉलेजची लॅब, काहीही चालेल. वर उजवीकडच्या गिअरवर क्लिक करा, 'सी ऑल सेटिंग्ज' उघडा. 'जनरल'मध्ये 'अनडू सेंड' दिसेल, तिथे 30 निवडा. आणि हो, पान खाली नेऊन 'सेव्ह चेंजेस' दाबायला विसरू नका, नाहीतर सगळी मेहनत वाया!

आयफोनचं मेल अॅप वापरत असाल, तर iOS 16 पासून, म्हणजे 2022 पासून, तिथेही ही सोय आहे. मेलच्या सेटिंगमध्ये 'अनडू सेंड डिले' शोधा.

ऑफिसात कोणीतरी सांगेल, "अरे, आउटलुकमध्ये रिकॉल कर ना!" ते चालतं, पण दोघेही एकाच संस्थेच्या मायक्रोसॉफ्ट यंत्रणेत असतील तरच. कोणाच्या जीमेलवर गेलेला मेल त्याने परत येत नाही.

मग वेळ निघून गेली तर? फाइलऐवजी ड्राइव्हची लिंक पाठवली असेल, तर लगेच ड्राइव्हमध्ये जाऊन शेअरिंग बंद करा. मेल राहील, पण फाइल उघडणार नाही. अर्थात, त्याने ती आधीच डाउनलोड केली नसेल तर. जोडलेल्या फाइलचं मात्र काहीच करता येत नाही. म्हणून आधार किंवा बँकेचे कागद पाठवताना पत्ता दोनदा वाचा. एकसारख्या नावांमुळे अॅप भलताच पत्ता सुचवतं, आणि आपण घाईत तोच निवडतो.

माझी आता एक सवय झालीये. आधी फाइल जोडायची, मग मजकूर लिहायचा, 'टू'मधला पत्ता सगळ्यात शेवटी. पत्ताच नसेल तर चुकून सेंड दाबलं तरी मेल जाणार कुठे? रिप्लाय करताना पत्ता आधीच भरलेला असतो, तेव्हा 'रिप्लाय ऑल' तर नाही ना, एवढं बघा. आणि रागात लिहिलेला मेल? 'शेड्यूल सेंड'ने उद्या सकाळची वेळ द्या. झोपून उठल्यावर तोच मेल वाचा. बहुतेक वेळा तुम्हीच तो रद्द कराल.

आणि तरीही चूक झालीच, तर गप्प बसू नका. दोन ओळींचा मेल टाका: "आधीच्या मेलमध्ये चूक झाली, क्षमस्व, कृपया हा ग्राह्य धरावा." मी त्या रात्री एवढंही केलं नाही. त्याचीच हळहळ जास्त वाटते.

चला, ते 30 सेकंदांचं सेटिंग आजच करून टाका. भेटूया पुढच्या भागात!