अठ्ठावीस चौकोन

गॅरेजचं शटर अर्धं वर आहे. आत गाडीच्या जागी दोन लांब टेबलं मांडलीत, घडीच्या खुर्च्या आहेत, कोपऱ्यात हीटर लाल झालाय. भिंतीला टेकून प्लायवूडचा एक फळा उभा आहे आणि त्यावर पेन्सिलीनं घरं आखलीत: रुंदीला चार, उंचीला सात. वरच्या रांगा भरत आल्यात. खालची घरं रिकामी आहेत, पण प्रत्येकात एका झाडाचं नाव लिहिलंय, आणि काही नावांखाली ते झाड विणायला घेतलेल्या बाईचं.

जुलैचा शेवटचा शनिवार, दुपारचे दोन. गिरावीनमध्ये लख्ख ऊन पडलंय, तरी सावलीत गेलं की थंडी घोट्यातून वर चढते. सिडनीच्या पश्चिमेचा हा भाग. टूंगाबी स्टेशनवरून चालत यायचं, वाटेत तमीळ, तेलुगू, गुजराती कानावर पडतं, अंगणाअंगणात कढीपत्ता दिसतो. गिरावीन हायस्कूलचं नाव ऐकून मुलांसाठी इकडे राहायला आलेली घरं भरपूर. या गॅरेजमध्ये बसलेल्या बऱ्याचजणी तशाच आल्यात.

मी आज पहिल्यांदाच आलेय. पिशवीत 4 मिलिमीटरची क्रोशाची सुई आणि लोकरीचे गुंडे. ज्यांचं हे गॅरेज आहे त्या ऑस्ट्रेलियन बाई सत्तरीच्या पुढच्या. इथल्या रीतीप्रमाणे सगळ्याजणी त्यांना नावानं हाक मारतात. माझ्या तोंडून ते निघत नाही, मी ‘आंटी’ म्हणते, आणि त्यांना ते चालतं.

फळ्यावर आकार घेणारी ही चादर ‘रॅप विथ लव्ह’कडे जाणार आहे. सोनिया गिडली-किंग यांनी 1992 मध्ये सिडनीत सुरू केलेली ही संस्था. देशभरातून माणसं 25 सेंटीमीटरचे चौकोन विणून पाठवतात, अशा 28 चौकोनांचं एक पांघरूण होतं, आणि ती पांघरुणं थंडीत कुडकुडणाऱ्या माणसांपर्यंत पोचतात, ऑस्ट्रेलियात आणि बाहेरच्या देशांतही. एरवी चौकोन कोणत्याही रंगाचा चालतो. इथल्या बायकांनी ठरवलंय की आपल्या प्रत्येक चौकोनावर एक झाड असेल, आणि तेही याच मातीतलं.

“मग मी वाराटा घेते,” माझ्या शेजारी बसलेली बडोद्याची बेन म्हणते. तीही नवी आहे. लालभडक वाराटा हे 1962 पासून न्यू साउथ वेल्सचं राज्यफूल, इथल्या टपाल तिकिटांवर आणि भांडी पुसायच्या फडक्यांवर सगळीकडे असतं.

आंटी नकारार्थी मान हलवतात. “तो वाळूच्या दगडावर येतो. तिकडे, ब्लू माउंटन्सच्या डोंगरांत. आपल्या पायाखाली चिकणमाती आहे.”

मग त्या गॅरेजच्या दारापर्यंत जातात, अंगणाच्या कडेची ओली माती चिमटीत घेतात आणि बेनच्या तळहातावर ठेवतात. पश्चिम सिडनीच्या या सपाटीला कंबरलँडचं मैदान म्हणतात. शेल खडकाची झीज होऊन इथली माती झाली, आणि त्या मातीवर विरळ झाडांचं, खाली गवत असलेलं एक रान उभं होतं. दारुग लोक त्या रानात राहत होते, गवत मोसमात जाळून ताजं ठेवत होते. 1788 नंतर गोऱ्या वसाहतीला पीक हवं होतं, किनाऱ्याची वाळू नापीक होती, म्हणून नांगर इकडे आला. टूंगाबीची सरकारी शेती 1791 पासूनची. शेतीनंतर विटांची घरं आली. त्या रानाचा दहावा हिस्साही आज शिल्लक नाही. केंद्र सरकारच्या यादीत ते 2009 पासून अतिसंकटग्रस्त म्हणून आहे.

हे सगळं आंटी दोन टाक्यांच्या मध्ये सांगतात. पाटी वाचल्यासारखं सांगत नाहीत, शेजारच्या घराची हकीकत सांगावी तसं सांगतात. मला ते फार आवडतं.

फळ्यावरच्या नावांची यादी त्यांनीच केलीय. करडा बॉक्स, फॉरेस्ट रेड गम, हिरवी वॉटल, काटेरी बर्सेरिया, कांगारू गवत, डायनेला, हार्डनबर्जिया. मी हार्डनबर्जियाच्या घरात माझं नाव लिहिते आणि सुई काढते.

“आधी बघून ये,” आंटी म्हणतात. “फोटो नाही. झाड.”

हा इथला नियम आहे आणि तो कुणालाही चुकत नाही. हार्डनबर्जिया लांब नाही, याच अंगणाच्या मागच्या कुंपणावर चढलीय, आणि जुलै हा तिचा बहराचा महिना. मी जाऊन उभी राहते. लांबून नुसता जांभळा ढीग दिसतो. जवळ गेल्यावर एकेक फूल सुटं होतं, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. एक मोठी पाकळी मागे ताठ, दोन बाजूला, आणि खाली मिटलेली नाव. हे तर गोकर्णाचं, वालाचं, हरभऱ्याचं कूळ! मोठ्या पाकळीच्या बुडाशी हिरवट पिवळे दोन ठिपके आहेत. ते मधमाशीला वाट दाखवायला. पानं लांबट, चामड्यासारखी, त्यांच्यावर शिरांची बारीक जाळी. रोज या कुंपणापलीकडून जाऊनही मी हे ठिपके पाहिले नव्हते, कारण मला ते मोजायचे नव्हते. आता मोजायचेत. किती पाकळ्या, कुठली पुढे, कुठली मागे, वेल डावीकडे वळते की उजवीकडे, हे माहीत असल्याशिवाय सुई पहिल्या साखळीच्या पुढे जात नाही.

आत येऊन सुरुवात करते. मोठ्या पाकळीसाठी एकाच घरात पाच खांब, पंखा उघडतो. बाजूच्यांना अर्धे खांब. खालच्या नावेला दोन मुके खांब एकत्र मिटवून. ठिपके शेवटी पिवळ्या धाग्याच्या गाठींनी.

माझ्या समोर साताऱ्याकडच्या काकू बसल्यात. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्यात. अमेरिकेत ज्या टाक्याला एक नाव आहे त्याच नावाचा टाका इंग्लंड-ऑस्ट्रेलियात वेगळाच असतो, त्यामुळे छापील नमुन्यांवरून इथे सारखे गोंधळ होतात. काकूंना त्याच्याशी कर्तव्य नाही. त्या साखळी, मुका खांब, खांब, दुहेरी खांब एवढं जाणतात आणि समोरचीचं बोट हातात धरून टाका घालून दाखवतात. दारावरची तोरणं, देव्हाऱ्याचे रुमाल, नातवंडांची टोपडी, सगळं त्यांनी असंच केलं.

काकूंच्या वाट्याला फॉरेस्ट रेड गम आलाय. परवा ओढ्याकाठी त्यांना झाड दाखवायला नेलं तेव्हा त्या पान चुरगाळून वास घेऊन म्हणाल्या, “अगं, ही तर निलगिरी.”

खरंच निलगिरी. नंदी हिल्सवर टिपू सुलतानाच्या काळात 1790 च्या सुमारास निलगिरी लावली असं सांगतात, आणि पुढे ‘मैसूर गम’ म्हणून जी झाडं भारतभर पसरली ती मुख्यतः याच जातीची. “ऐंशी-पंच्याऐंशी साली सगळेच लावायचे,” काकू सांगतायत. “आम्हीपण बांधाला लावली. भराभरा वाढली. विहिरीचं पाणी मात्र खाली गेलं. मालक म्हणाले, काढा ती.” त्यांच्या हातातली सुई थांबलेली नाही. “आणि इथं त्या ढोलीत पोपट राहतात. खोडाला हात लावला तर गार, गुळगुळीत. मी घरच्या निलगिरीला कधी हातच लावला नव्हता.”

काकूंच्या चौकोनात कळ्या आहेत. या झाडाच्या कळीवर लांब टोकदार टोपी असते, फूल उमलताना ती गळून पडते आणि आतले पांढरे केसर बाहेर येतात. काकूंनी तीन कळ्या टोपीसकट केल्यात आणि चौथीची टोपी अर्धी निसटलेली. टोपडी विणण्यात आयुष्य गेलेल्या हातांनाच हे सुचावं. सगळ्या टेबलाभोवती तो चौकोन फिरतो.

पलीकडे नरसापूरची एक तेलुगू ताई आहे. गोदावरीच्या मुखाजवळचं नरसापूर हे क्रोशाच्या लेसचं गाव. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ती कला तिथं नेली आणि बायकांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यावर राबल्या. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी 1982 च्या पुस्तकात या बायकांची कहाणी मांडली. तासन् तास काम, परदेशात माल, आणि मजुरी नाममात्र, का तर घरी बसून फावल्या वेळात करतात म्हणून. ताईची आई आणि आजी त्यातल्याच. बाईच्या हातातलं काम बसल्याबसल्या होतं म्हणून ते काम नव्हे, हा समज आपल्याकडेही कमी नाही, आणि त्याची मला मनापासून चीड येते. पंचवीस सेंटीमीटरचा एक दाट चौकोन पुरा करायला किती संध्याकाळी जातात ते या टेबलावर येऊन पाहावं.

ताईचा हात जाळीचा. सुंदर, मोकळी, हवा खेळती जाळी. पण पांघरुणाला जाळी चालत नाही, ऊब निघून जाते. म्हणून ती आता भोकं बुजवायला शिकतेय: जमीन सगळी मुक्या खांबांची घट्ट, आणि वर बर्सेरियाची पाच पाकळ्यांची पांढरी फुलं शिवून बसवलेली. सुट्या पाकळ्या धुताना गुंततात, म्हणून प्रत्येक टोक टाचायचं.

मोजमापाची वेळ होते. आंटी पुठ्ठ्याचा चौकोन घेऊन फिरतात. सुई तीच, लोकर त्याच जाडीची, तरी कुणाचा चौकोन चोवीस भरतो, कुणाचा सव्वीस, कारण प्रत्येकीची ओढ वेगळी. घट्ट हाताला साडेचारची सुई देतात, सैल हाताला साडेतीनची. थोडंसंच कमी असेल तर कडेनं मुक्या खांबांची एक फेरी वाढवायची. शेवटी सगळे चौकोन एकाच गडद हिरव्या धाग्यानं जोडायचे ठरलंय.

चेन्नईची एक मैत्रीण या जोडण्याबद्दल बोलू लागते तेव्हा सगळ्या ऐकतात. ती ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’मधली. 31 जानेवारी 2016 ला चेन्नईत या गटानं 11,148.5 चौरस मीटरची क्रोशाची चादर जमिनीवर पसरली आणि गिनीज विक्रम केला. देशोदेशीच्या बायकांनी मीटर-मीटरभराचे तुकडे विणून पाठवले होते, नंतर ते सुटे करून गरजूंना वाटले. “इतकं मोठं असूनही,” ती सांगते, “मी माझा तुकडा लांबून ओळखला.” इथं तर अठ्ठावीसच आहेत.

चहाबरोबर कुणीतरी आणलेला ढोकळा आणि आंटींचे स्कोन येतात. मग नवे चौकोन फळ्यावर टाचले जातात. हिरव्या वॉटलचा आज पूर्ण झालाय. वॉटलच्या फुलात पाकळ्या दिसतच नाहीत, केसरांचे गोळेच असतात, म्हणून तो सगळा पिवळ्या बोंडांच्या टाक्याचा आहे. कांगारू गवताची तांबूस कणसं एका केरळी नर्सनं रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत विणलीत. हे गवत आपल्या दख्खनच्या माळावरही उगवतं, हे मी तिला सांगते, आणि काकू लगेच चष्मा पुसून त्या चौकोनावर वाकतात.

एक घर अजून कुणीच घेतलेलं नाही. पायमेलिया स्पिकाटा, गुडघ्याएवढंही न वाढणारं झुडूप, चार पाकळ्यांची पांढरी, किंचित गुलाबी फुलं. हा परिसर आणि दक्षिणेकडचा इलावाराचा किनारा सोडून जगात कुठेही ते नाही. गवत पेटलं, गुरांनी खाल्लं, तरी जमिनीतल्या जाड मुळातून पुन्हा फुटतं. नांगर आणि काँक्रीटपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. प्रॉस्पेक्टच्या तलावाजवळ ते टिकून आहे. नियम आहे, म्हणजे आधी बघायला जावं लागणार. वाराटावाली बेन उठते, पेन्सिल घेते आणि तिथं आपलं नाव लिहिते.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या हातात क्रोशाची सुई आहे त्यांना माझी एक विनंती. पाचगणीत असा की पुण्यात, कासच्या वाटेवर असा की कोकणात, चारजणी जमा आणि आपल्या मातीची एक चादर करा. सोनकी, तेरडा, रानहळद, कारवी, सीतेची आसवं, एकेकीला एकेक झाड वाटून द्या. नमुने शोधत बसू नका. आधी झाड बघून या.